बांध, बदकं आणि वडाखालचा दिवा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा खेकडे बोलायचे आणि माणसं त्यांचं ऐकायची. नेहमी नाही, पण कधी कधी तरी.

एका राज्याच्या अगदी टोकाला, खाडीच्या काठी एक गाव होतं. त्या गावाची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली होती. असं कसं, हे तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. तर जुन्या लोकांनी चिखलमातीचा लांबच लांब बांध घालून खाडीला बाहेर थोपवलं होतं. बांधाच्या अलीकडे भात डोलायचं आणि पलीकडे खारं पाणी डुचमळायचं. बांध होता म्हणून गाव होतं.

गावात एक रीत होती. काही वाईट घडलं की वडाखाली दिवा लावायचा. मग गावकर, म्हणजे गावचा मुख्य, तीनदा विचारायचा, "हे कुणी केलं?" दिव्यातलं तेल संपायच्या आत कुणाचं तरी नाव यायलाच हवं. नाव आलं की त्या माणसानं वडाला नारळ द्यायचा, सगळ्यांनी खोबरं खायचं आणि घरी जायचं. कुणाची गाय आटली तर नाव शेजारणीचं. कुणाचं छप्पर उडालं तर नाव जावयाचं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की फांदी कावळ्याच्या माथी. नारळ फुटल्यावर गाय पुन्हा दूध देऊ लागली का, हे बघायला मात्र कुणी जात नसे. खोबरं गोड लागायचं आणि लोकांचं तेवढ्यानं भागायचं.

बांधाच्या उत्तर टोकाला चिनी आळी होती. या लोकांच्या पणज्या-खापरपणज्यांचं जहाज चीन देशातून निघालं होतं आणि खाडीच्या तोंडाशी खडकावर फुटलं होतं. जे वाचले ते इथेच राहिले. आता त्यांची नातवंडं-पतवंडं गावाचीच भाषा बोलत, गावाच्याच शिव्या देत आणि गावासारखीच मिठावरून भांडत. फरक थोडाच होता. ते दोन काड्यांनी भात खात, नव्या वर्षाच्या सणाला दारावर लाल कागद लावत आणि बदकं पाळत.

आळीतला सगळ्यांत म्हातारा माणूस म्हणजे लिनबाबा. तो रोज पहाटे वेताची काठी घेऊन आळीची सगळी बदकं बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडवून आणायचा.

गावात येसू नावाची एक सुईण होती. तिला खोदून खोदून विचारायची खोड. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं, चिनी आळीही आणि खुद्द गावकरही, त्यामुळे ती गावकराला अरे-तुरे करायची आणि तो मुकाट ऐकून घ्यायचा. एकदा तिनं लिनबाबाला विचारलं, "बदकांना तळं सोडून बांधावर कशाला नेता?"

"माझा बाप न्यायचा," लिनबाबा म्हणाला.

"मग बापाला विचारायचं होतं."

"विचारलं होतं. तो म्हणाला, माझा बाप न्यायचा."

दोघंही खूप हसले. कारण कुणालाच माहीत नव्हतं. पण बदकं रोज खुशीत जात आणि पोट भरून परत येत, एवढं दोघांनाही माहीत होतं.

एका वर्षी बांधाची पूजा होती. गावकर नवं धोतर नेसून, हातात ताट घेऊन पुढे चालला होता. बदकांच्या घाणीवर त्याचा पाय सरकला आणि तो ताटासकट चिखलात बसला. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी हसू आवरतं का? गाव हसलं, चिनी आळी हसली, पोरं तर लोळलीच. गावकर गावावर चिडू शकत नव्हता. त्यानं संध्याकाळी हुकूम सोडला, की बांध पवित्र आहे, यापुढे तिथे बदकं दिसता कामा नयेत.

लिनबाबानं हुकूम पाळला. बदकं आळीत कोंडली गेली आणि वाळू लागली. तो मात्र सवयीनं रोज एकटाच काठी घेऊन बांधावरून फिरून यायचा. त्यानंतरच्या पावसाळ्यात खेकडे फार झाले. घरोघर खेकड्यांची कालवणं रटरटली आणि लोक म्हणाले, यंदा खाडी प्रसन्न आहे.

मग भात पोटरीला आलं असताना, म्हणजे कणसं बाहेर पडायच्या बेतात असताना, अमावस्येचं उधाण आलं आणि बांध फुटला. फुटला तो नेमका उत्तरेला, चिनी आळीजवळ. खारं पाणी आत शिरलं आणि उभं पीक डोळ्यांदेखत करपलं. वर्षाचा घास गेला. बाया बांधावर बसून रडत होत्या, आणि त्या रडण्यात चिनी आळीतल्या बायाही होत्या, कारण त्यांचंही भात त्याच पाण्यात होतं.

सकाळीच वडाखाली दिवा लागला. गावकरानं विचारलं, "हे कुणी केलं?" नुकसान एवढं मोठं होतं, की शेजारणीचं किंवा जावयाचं नाव त्याला पुरलंच नसतं. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा एकजण खाकरून म्हणाला, की बांध फुटला कुणाच्या दारात, ते बघा. दुसरा म्हणाला, लिनबाबा रोज बांधावर काठी टोचत फिरतो, मी पाहिलंय. तिसऱ्यानं तर कमाल केली. तो म्हणाला, जे लोक काड्यांनी भात उचलतात, त्यांना काड्यांनी बांध पोखरायला कितीसा वेळ लागणार? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एरवी या बोलण्यावर गाव खो खो हसलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही, आणि मला तिथेच भीती वाटते.

येसू उठून उभी राहिली. "फुटलेली जागा जवळून कुणी बघितली का रे?"

"विझायला आलाय दिवा," गावकर म्हणाला. "आता बघायला वेळ नाही. बस खाली."

येसू खाली बसली. गावकरानं तिसऱ्यांदा विचारलं आणि वडाखालून एकच आवाज आला, "चिन्यांनी." शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे, इथे शितही न बघता अख्खी आळी नासकी ठरली. एका माणसाचं नाव असतं तर एका नारळावर भागलं असतं. अख्ख्या आळीचं नाव आलं, तेव्हा नारळाची आठवणच कुणाला झाली नाही.

भर दुपारी गाव चिनी आळीवर चालून गेलं. काल ज्यांच्याकडून विस्तव मागून आणला, त्यांच्याच छपरांना पेटत्या चुडी लावल्या. लाल कागद आधी पेटले. बायका-पोरं चिखलातून होड्यांकडे पळाली. लिनबाबा पळाला नाही. तो दारात हात जोडून उभा राहिला आणि समोरच्या एकेकाला नावानं हाक मारू लागला, कारण त्याला सगळ्यांची नावं येत होती. हाका चालू असतानाच एक दगड आला आणि मग पुष्कळ आले. येसू धापा टाकत पोचली, तेव्हा लिनबाबा उंबऱ्यावर पडला होता आणि त्याची काठी त्याच्या अंगाखाली होती. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिला फार फार वाईट वाटलं, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

आळीतली उरलेली माणसं वाचलेली बदकं घेऊन खाडीपलीकडच्या डोंगराखाली गेली. गावानं बांधाला नवी माती घातली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, की चोराला किती बरं वाटत असेल, नाही?

पुढच्या उधाणाला बांध पुन्हा फुटला. या वेळी दक्षिण टोकाला, गावकराच्या स्वतःच्या शेताशी.

वडाखाली दिवा लागला. गावकरानं विचारलं, "हे कुणी केलं?" चिनी आळीत आता राख होती, राखेचं नाव कसं घेणार? लोक एकमेकांकडे बघू लागले आणि जो तो आपल्या शेजाऱ्यापासून थोडा लांब सरकला. दिवा फडफडू लागला.

"विझू दे तो दिवा," येसू म्हणाली. "मी फुटलेली जागा बघायला चालले." या वेळी ती खाली बसली नाही. ती चालू लागली आणि गाव तिच्या मागोमाग निघालं, कारण आपलं नाव येण्यापेक्षा चिखल तुडवलेला बरा, असं प्रत्येकाला वाटत होतं.

फुटलेल्या जागी बांध आतून पोकळ झाला होता. जिकडे बघावं तिकडे बिळंच बिळं. एका बिळातून एक नांगी तुटलेला म्हातारा खेकडा बाहेर आला.

"हे कुणी केलं?" गावकरानं सवयीनं विचारलं.

"आम्ही," खेकडा म्हणाला. "घरं हवीत म्हणून बिळं केली. बांध पाडायचं आमच्या मनात नव्हतं."

येसूनं विचारलं, "मग इतकी वर्षं बांध कसा टिकला?"

"रोज पहाटे ते चपट्या चोचीचे यायचे आणि आमची पिल्लं वेचून खायचे. आम्ही मूठभर उरायचो, त्यामुळे बिळंही मूठभर. मग एक दिवस ते यायचे बंद झाले. आम्हाला वाटलं, तुमचा आमच्यावर जीव जडला."

सगळ्यांच्या नजरा गावकराकडे वळल्या. गावकराला धोतर आठवलं, ताट आठवलं आणि त्याचा चेहरा पडला. तो खेकड्यालाच म्हणाला, की हे तू आधी का नाही सांगितलंस?

"तुम्ही आलात कुठे विचारायला?" खेकडा म्हणाला. "तुम्ही वडाखाली बसता आणि एकमेकांना विचारता. आम्ही तर बांधात राहतो." एवढं बोलून तो तिरका तिरका बिळात गेला.

दुसऱ्या दिवशी गावकर आणि येसू होडीनं पलीकडे गेले. तिथे लिनबाबाची मुलगी मेयी भेटली. तिचं लेकरू येसूच्याच हातावर जन्मलं होतं. मेयीनं दोघांना पाणी दिलं. गावकरानं मान खाली घालून सगळं सांगितलं. बदकं घेऊन परत या, घरं आम्ही बांधून देतो, जमीन देतो, यापुढे बांधावर बदकांचाच मान पहिला, असंही तो म्हणाला. मेयीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"येऊ आम्ही," ती म्हणाली. "आम्हालाही तेच घर आठवतं. पण तुमच्या गावात एक रीत आहे. गाय आटली तरी दिवा लावून विचारता. माझ्या बापाला कुणी मारलं, ते एकदा विचारा."

येसूच्या डोळ्यांना धार लागली.

"दिवा वडाखाली नको, बांधावर लावा, म्हणजे इथून दिसेल," मेयी म्हणाली. "नाव आलं की विझवा. तो विझलेला दिसला, की आम्ही होड्या सोडू."

त्या संध्याकाळी गाव बांधावर जमलं. गावकरानं दिवा लावला आणि विचारलं, "लिनबाबाला कुणी मारलं?"

ज्या गावाला गाईचा, छपराचा आणि बांधाचा अपराधी एका दिव्याच्या तेलात सापडायचा, ते गाव आपापल्या पायांकडे बघत उभं राहिलं. तो दगड कुणाचा होता, हे पुष्कळांना माहीत होतं. पुष्कळांचे होते, म्हणून तर पुष्कळांना माहीत होतं. गावकरानं दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा येसू एकटी म्हणाली, "मी एकदाच विचारलं आणि बस म्हटल्यावर बसले. माझं तेवढं लिहून घे रे देवा." पण तिनं दगड मारला नव्हता, आणि ज्यांनी मारले त्यांच्यापैकी कुणी तोंड उघडलं नाही.

तेल संपत आलं, तेव्हा येसूनं त्यात आणखी तेल घातलं. दुसऱ्या दिवशीही घातलं. उधाणं येत राहिली, बांध ढासळत राहिला, शेतांवर मिठाचा पांढरा थर चढला. एकेक घर उठून दुसरीकडे निघून गेलं. जाणाऱ्यांपैकी प्रत्येकजण दिव्यापाशी क्षणभर थांबायचा, काहीतरी बोलणारसा दिसायचा आणि तसाच पुढे जायचा.

खाडीपलीकडे मेयी रोज संध्याकाळी बदकं कोंडून दारात यायची आणि आपल्या लेकराला विचारायची, "दिवा दिसतो का रे?"

"दिसतो," लेकरू म्हणायचं.

"मग चल, जेवून घे," ती म्हणायची आणि दार लोटून घ्यायची.

म्हणून लहान-थोर सगळ्यांनी ध्यानात ठेवावं: संकट आलं की आधी काय झालं ते जाऊन बघावं, मगच कुणी केलं ते विचारावं; आणि विचारायचंच झालं, तर पहिल्यांदा स्वतःला विचारावं.