बोकडाला आवतण

श्रावणातली चतुर्दशी होती. दिवसभर आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. संध्याकाळी गार वारा सुटला आणि अंधार रोजच्यापेक्षा लवकर पडला. हा अंधार लक्षात ठेवा, बरं का. पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं.

एक होता राजा. त्याचं नाव सुभानराव. त्याचं राज्य एवढंसं, की सकाळी फेरी मारायला निघाला तर दुपारच्या जेवणाला घरी परत. राजा पोटानं गोल आणि मनानं चांगला. खाण्याचा भारी शौकीन. पण त्याची एक खोड होती. त्याला नीट दिसायचं नाही, आणि ते तो कोणाला कळू द्यायचा नाही. राजालाच दिसत नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील? एकदा तर दोरीवर वाळत घातलेल्या धोतराला तो म्हणाला, "या दिवाणजी, बसा!" धोतर काही बसलं नाही. राजा म्हणाला, "दिवाणजी फार मानी आहेत." आणि सगळ्यांनी मान हलवली.

तर दुसऱ्या दिवशी होता पोळा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काय करतात? बैलांची खांदेमळणी. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे घट्ट झालेले असतात. ते हळद आणि तुपानं चोळायचे, आणि मग बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आवतण म्हणजे जेवणाचं बोलावणं.

त्या राज्यात बैलांना आवतण राजा स्वतः द्यायचा. आणि त्या वेळी गोठ्यात दिवा न्यायचा नाही. दमलेल्या जनावराच्या डोळ्यांवर उजेड नको, अशी तिथली रीत. दुसरी रीत अशी, की ज्याला आवतण गेलं तो पाहुणा झाला. पाहुण्याला पाटावर बसवायचं, पोटभर वाढायचं, आणि पुढे त्याच्या अंगाला कोणी सुरी लावायची नाही. दिलेलं आवतण परत घ्यायचं असेल तर एकच वाट होती. राजानं चारचौघांत सांगायचं, "माझी ओळखण्यात चूक झाली."

मग काय झालं? राजा हळद-तुपाची वाटी घेऊन गोठ्यात शिरला. मागे लिंबाजी गडी. गोठ्यात मिट्ट काळोख. राजानं चाचपडत पहिला खांदा चोळला. तो सोन्या बैल. दुसरा चोळला. तो हौशा बैल. इथवर सगळं ठीक होतं.

राजा पुढे सरकला. तिथे म्हैस बांधली होती. राजानं तिचा खांदा चोळला आणि म्हणाला, "लिंबाजी, हा बैल बराच सुटलाय रे. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

लिंबाजी म्हणाला, "जी महाराज."

मग राजा आणखी पुढे सरकला. तिथे बोकड होता. "अरे, हा का इतका आटला? चारा घालता की नाही? आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"जी महाराज."

मग राजाचा हात गव्हाणीच्या काठावर गेला. तिथे बसली होती कोंबडी. राजानं तिचा तुरा चाचपला. "शिंगं फारच मऊ आलीत की!" असं म्हणून तिलाही हळद लावली, तिलाही आवतण दिलं, आणि हात पुसत घरी आला. लिंबाजीनं तिसऱ्यांदाही 'जी महाराज'च म्हटलं. राजाला कोण सांगणार?

आता हा बोकड साधासुधा नव्हता, बरं का. राणी मैनाबाईचा भाऊ, उमाजीराव, त्यानं गेल्या वर्षी तो एवढासा असताना आणून दिला होता. सांगून ठेवलं होतं, "दाजी, याला चांगला पोसा. पुढच्या करीला मी जेवायला येतो. याचाच रस्सा पाहिजे." पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी तिकडे घरोघरी मटणाचं जेवण. आणि हा उमाजीराव महा रुसका! आदल्या साली रस्सा कमी पडला म्हणून सहा महिने बहिणीशी बोलला नव्हता.

दुसरा दिवस उजाडला. पोळा! बैलांना आंघोळी घातल्या. शिंगांना बेगड लावली, पाठीवर झुली टाकल्या. वाजतगाजत मिरवणूक निघाली, तोरणाखालून गेली, आणि राजाच्या दाराशी आली. राजा ताट घेऊन उभाच. सोन्या आला, हौशा आला. आणि त्यांच्या मागून म्हैस आली. तिच्या मागून बोकड, आणि बोकडाच्या पाठीवर बसून कोंबडी. सगळ्यांच्या अंगावर पिवळी हळद!

"हे कोण?" राजा म्हणाला.

"आम्ही पाहुणे," बोकड म्हणाला.

हो, म्हणाला! कारण पोळ्याच्या दिवशी आवतण मिळालेल्या जनावराला जेवण होईपर्यंत वाचा फुटायची. बैल दरवर्षी बोलायचे. पण काय बोलायचे? "अजून एक पोळी," एवढंच.

"तुम्हाला कोणी बोलावलं?"

"आपणच, महाराज. हा बघा खांदा. आपल्या बोटांचे ठसे आहेत."

राजा पेचात पडला. 'मला दिसलं नाही' म्हणावं, तर सगळा गाव समोर उभा. मग त्यानं मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "हो तर! मीच बोलावलं. बघून बोलावलं. बसा."

सगळे बसले. राणीनं पुरणपोळ्या वाढल्या. तूप वाढायला गेली, तर म्हैस म्हणाली, "ताई, तूप राहू द्या. काल खांद्याला चोळलंत तेही माझंच होतं, आता ताटात वाढताय तेही माझंच. आणि माझं रेडकू तिकडे रिकाम्या दाव्याला जीभ लावून उभं आहे. दोन घोट प्यायलं नाही, की त्याला ओढून बांधतात."

राजाचा हात पोळीवरच थांबला. रेडकू ओढून बांधतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण म्हशीच्या तोंडून तो पहिल्यांदाच ऐकत होता. तो म्हणाला, "रेडकाला सोडा रे. दूध त्याचं."

मग कोंबडी म्हणाली, "महाराज, मी रोज अंडं घालते, आणि ते ऊबदार असतानाच स्वयंपाकघरातल्या धुरपदाआत्या घेऊन जातात. माझं पिल्लू कसं दिसतं, ते मला माहीतच नाही."

राजा म्हणाला, "अंडी कोणी उचलायची नाहीत. बसू दे तिला."

मग राजानं बोकडाकडे पाहिलं. बोकड शांतपणे पोळी खात होता. शेवटचा घास उरला तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "माझं काही मोठं मागणं नाही. एकच विचारतो. आज मला पाटावर बसवलंत. उद्या कर. उद्या कुठे बसवणार? पाटावरच, की पातेल्यात?"

सगळे राजाच्या तोंडाकडे बघायला लागले. राजाच्या डोळ्यांसमोर रुसलेला मेहुणा आला. रश्श्याचा वासही आला, खोटं कशाला सांगा. राजा म्हणाला, "बघू."

बोकडानं शेवटचा घास खाल्ला. जेवण झालं, वाचा गेली. "म्हें," म्हणाला आणि निघून गेला.

राजा त्या दिवशी कमी जेवला. राणीला नवल वाटलं. आजवर असं कधी झालं नव्हतं.

मग आली कर. सकाळी सकाळीच धुरपदाआत्या राजापुढे येऊन उभी राहिली. ही राजाची म्हातारी आत्या. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात, आणि जीभ कोणाच्याच ताब्यात नाही.

"सुभान, बोकड कापायचा का?"

"आत्या, आधी दुसरं काहीतरी रांधा. त्याचं मागाहून बघू."

"काय रांधू? दूध रेडकाला दिलंस. तूप नाही. अंडी कोंबडीला दिलीस. बोकड मागाहून. मग चुलीवर काय ठेवू, तुझी मिशी?"

पण म्हातारी मोठी वस्ताद. टोपली घेऊन गेली रानात. पावसाळ्यात वारुळावर अळिंबी उगवते ना, पांढरी, छत्रीसारखी? तिला तिकडे सात्या म्हणतात. आत्या त्यातली खायची कोणती आणि सोडायची कोणती ते ओळखायची. टोपलीभर सात्या आणल्या. वाटेत कुंपणावरची करटोली तोडली. घरी येऊन सुकं खोबरं भाजलं, कांदे निखाऱ्यात भाजले, खसखस घातली, काळा मसाला घातला, आणि पाट्यावर असं वाटण वाटलं की गावातली कुत्री दाराशी येऊन बसली. शेंगदाणे भिजवून वाटले, त्यांचं दूध काढलं, गूळ घातला, खीर केली. करटोली तिळाच्या तेलात परतली. भाकरी थापल्या.

दुपारी उमाजीराव आला. दारातच नाक वर केलं. "वा, दाजी! वास सांगतोय, बोकड चांगला पोसलात."

राजा म्हणाला, "बसा, उमाजीराव." आणि पाट पुढे सरकवला.

उमाजीराव जेवायला बसला. भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतला. एकदा वाढून घेतला, दोनदा घेतला, तिसऱ्यांदा वाटीच पुढे केली. "कोवळा आहे हो! तोंडात टाकला की विरघळतोय. ताई, असा बोकड जन्मात खाल्ला नव्हता."

आणि तेवढ्यात काय झालं माहितीये? दारातून आला बोकड! खांद्यावर हळद तशीच. काल ज्या पाटावर जेवला होता, सरळ त्याच पाटाशी येऊन उभा राहिला. त्याला वाटलं, आजही वाढतील.

उमाजीरावाचा घास हातातच राहिला. "हा कोण?"

राणी म्हणाली, "तुझाच बोकड रे."

"मग मी खाल्लं काय?"

"वारुळावरच्या सात्या," आत्या म्हणाली. "तीन वाट्या."

उमाजीराव लालबुंद झाला. ताडकन उठला. "दाजी, थट्टा करता? बोकड माझा! आत्ताच्या आत्ता कापा, नाहीतर या दाराशी मी पुन्हा येणार नाही!"

बिचारी राणी! एकीकडे भाऊ, एकीकडे पाहुणा. ती राजाच्या कानाशी लागली. "अहो, सांगून टाका ना, अंधारात दिसलं नाही म्हणून. आवतण आपोआप मागे येईल. भाऊही रुसणार नाही."

राजानं बोकडाकडे पाहिलं. बोकड अगदी जवळ उभा होता, राजाच्या गुडघ्याला नाक लावून. मग राजा उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "उमाजीराव, मला दिसत नाही."

त्यानं बोकडाच्या पाठीवर हात ठेवला.

"परवा मी याला बैल समजलो. म्हशीलाही बैल समजलो. आणि कोंबडीला... कोंबडीलासुद्धा बैलच समजलो."

आत्यानं पदर तोंडात कोंबला. लिंबाजी हळूच म्हणाला, "आम्हाला माहीत आहे, महाराज. पहिल्यापासून."

"धोतराचंही?"

"धोतराचंही, महाराज."

उमाजीराव म्हणाला, "मग झालं तर! ओळखण्यात चूक झाली. घ्या आवतण परत, आणि आणा सुरी."

"नाही घेत," राजा म्हणाला. "परवा अंधार होता, मला दिसला नाही. आज हा इतका जवळ उभा आहे, की मलासुद्धा दिसतोय. पापण्या दिसतायत त्याच्या. आता कसा कापू, तुम्हीच सांगा."

आणि राजा वाकला. बोकडाचा कान धरला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

उमाजीराव पुढे आला. बोकडाच्या खांद्याकडे पाहिलं. हळदीत राजाची पाचही बोटं उमटलेली. आता उमाजीरावाच्या घरीही बैल होते, त्यानंही चतुर्दशीला त्यांचे खांदे चोळले होते, त्याच्याही नखांत हळद अजून पिवळी होती. तो नखं बघत उभा राहिला. मग त्यानं बोकडाकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"रस्सा उरलाय का अजून?" तो म्हणाला.

"पातेलंभर आहे," आत्या म्हणाली. "बस खाली."

उमाजीराव बसला. बोकडालाही एक भाकरी मिळाली.

झोप आली ना? मिटा डोळे. थोडंच राहिलंय, मिटल्या डोळ्यांनी ऐका. रेडकू दूध पिऊन गुबगुबीत झालं. कोंबडी अंड्यांवर बसली आणि तिला पिल्लं झाली. उमाजीराव रुसला नाही, दर करीला आला आणि जाताना सात्यांचा रस्सा डब्यात घेऊन गेला. राजा, राणी, आत्या, लिंबाजी, सगळे सुखात राहिले. सगळे जेवले, सगळे निजले. आता आपणही निजायचं, पण एवढं ऐकून.

पुढच्या श्रावणातल्या चतुर्दशीला आभाळ स्वच्छ होतं. राजानं गोठ्यात दिवा लावायला सांगितला, वात बारीक ठेवून. वाटीत हळद आणि तिळाचं तेल घेतलं. सोन्याला आवतण दिलं, हौशाला दिलं, म्हशीला दिलं, रेडकाला दिलं, कोंबडीला आणि तिच्या पिल्लांना दिलं, बोकडाला दिलं. एकेकाच्या तोंडाजवळ दिवा धरून, नीट बघून. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला आले. करीला कोणी कापलं गेलं नाही.