ठिपकी आणि धड धड धड फुस्

करंजाच्या झाडाखाली एक गॅरेज. गॅरेजच्या मागे एक बीळ. बिळात राहायची चिचुंद्री आणि तिची पिल्लं.

एकदा सगळी फिरायला निघाली. चुनीने आईची शेपूट धरली. धोंडूने चुनीची शेपूट धरली. इवल्या ठिपकीने धोंडूची शेपूट धरली. दातांत, घट्ट!

निघाली आगगाडी. तुरुतुरु तुरुतुरु!

वाटेत होता खड्डा. एवढुस्सा. ठिपकीने विचारलं, "आत काय आहे?"

विचारायला तोंड उघडलं. शेपूट सुटली. ठिपकी खड्ड्यात. टुप्!

तेवढ्यात आली जुनी जीप. धड धड धड फुस्! धड धड धड फुस्!

थांबली कुठे? चाक बरोब्बर खड्ड्यावर!

"म् म् म्!" धोंडू ओरडला. तोंडात चुनीची शेपूट. बोलणार कसं?

आईने मागे पाहिलं. चुनी आहे. धोंडू आहे. ठिपकी नाही!

खड्ड्यातून आवाज आला, "आई, इथे अंधार आहे! मज्जा!"

आई चाकाकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

"चाका चाका, सरक ना!
माझी ठिपकी बाहेर येईना!"

"म् म् म्!" म्हणाली पिल्लं.

चाक म्हणालं, "मी नाही सरकत जा! इंजिन ओढेल, तर मी सरकेन."

आई इंजिनाकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

"इंजिना इंजिना, ओढ ना!
चाक सरकेना,
माझी ठिपकी बाहेर येईना!"

"म् म् म्!" म्हणाली पिल्लं.

इंजिन थरथरत म्हणालं, "धड धड धड फुस्! ऐकलंस? माझ्यात चार प्लग. तिघं ठिणगी पाडतात, एक पाडतच नाही. मला धड उभं राहवेना, ओढू कसं? प्लग पेटतील, तर मी ओढेन."

आई प्लगांकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

"प्लगांनो प्लगांनो, पेटा ना!
इंजिन ओढेना,
चाक सरकेना,
माझी ठिपकी बाहेर येईना!"

"म् म् म्!" म्हणाली पिल्लं.

"कोण पेटत नाही?" आईने विचारलं.

पहिला म्हणाला, "मी नाही, तो!"
दुसरा म्हणाला, "मी नाही, तो!"
तिसरा म्हणाला, "मी? छे छे! तो!"
चौथा म्हणाला, "मी नाही गं बाई, तो पहिला!"

मग सगळे म्हणाले, "मिस्त्री शोधेल, तर आम्ही पेटू."

आई गॅरेजातल्या लतीफ मिस्त्रीकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

"मिस्त्री मिस्त्री, शोधा ना!
प्लग पेटेना,
इंजिन ओढेना,
चाक सरकेना,
माझी ठिपकी बाहेर येईना!"

"म् म् म्!" म्हणाली पिल्लं.

मिस्त्रीने नाक दाबलं. "शी! कसला वास! अच्छा, चिचुंद्रीबाई, तुम्ही होय! एकेका प्लगची वायर काढायची आणि आवाज ऐकायचा, मग सापडतो बिघडलेला प्लग. पण ऐकू कसा? हा भोंग्या कुत्रा बघा, सारखा भुंकतोय! भोंग्या थांबेल, तर मी शोधेन."

आई भोंग्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

"भोंग्या भोंग्या, थांब ना!
मिस्त्री शोधेना,
प्लग पेटेना,
इंजिन ओढेना,
चाक सरकेना,
माझी ठिपकी बाहेर येईना!"

"म् म् म्!" म्हणाली पिल्लं.

"भो भो! भो भो! माझ्या कानात पिसू चावते गं! पिसू सोडेल, तर मी थांबेन."

आई भोंग्याच्या कानाशी गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

"पिसू पिसू, सोड ना!
भोंग्या थांबेना,
मिस्त्री शोधेना,
प्लग पेटेना,
इंजिन ओढेना,
चाक सरकेना,
माझी ठिपकी बाहेर येईना!"

खड्ड्यातून बारीक आवाज आला, "आई, आता मज्जा नाही."

पिसू नाचली. टिचुक टिचुक! "नाही सोडत, नाही सोडत! माझं कोण काय करणार?"

चिचुंद्री म्हणाली, "चिचुंद्र्या काय खातात, ठाऊक आहे?"

पिसू म्हणाली, "काय?"

गट्टम!

भोंग्या थांबला. सगळीकडे चिडीचूप. मिस्त्रीने कान टवकारले.

पहिली वायर काढली. धड धड फुस् फुस्! "आवाज बिघडला. म्हणजे हा गुणी." परत लावली.

दुसरी वायर काढली. धड धड फुस् फुस्! "हाही गुणी." परत लावली.

तिसरी वायर काढली. धड धड धड फुस्!

"अरेच्चा! आवाज होता तस्साच! सापडला लबाड!"

इंजिन बंद केलं. तिसरा प्लग बाहेर काढला. काजळीने काळाकुट्ट!

"मला लाज वाटली होती," प्लग पुटपुटला.

"लाजतोस काय? आंघोळ कर!" मिस्त्रीने प्लग घासला. घस घस घस! परत लावला. चावी फिरवली.

धड धड धड धड! धड धड धड धड!

प्लग पेटला! इंजिनाने ओढलं! चाक सरकलं! ठिपकी बाहेर आली! नाकाला माती, कानाला माती!

आईने तिला चाटलं. डोकं चाटलं, पोट चाटलं, पुन्हा डोकं चाटलं.

मग म्हणाली, "आता तू पुढे. मी मागे."

धोंडूने ठिपकीची शेपूट धरली. चुनीने धोंडूची शेपूट धरली. आईने चुनीची शेपूट धरली.

घर कुठे, ठिपकीला काय ठाऊक! निघाली नाक नेईल तिकडे. जीपला वळसा, करंजाला वळसा, भोंग्याला वळसा, पुन्हा जीपला वळसा! तुरुतुरु तुरुतुरु!

आईने तिला थांबवलं नाही. आईला समोर सगळी दिसत होती. चुनी, धोंडू आणि ठिपकी.