डाव्या कोपऱ्यातला काळा रंग

एकदा एका चित्रकर्तीने नोकरीचा राजीनामा लिहिला, त्याची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि आपल्या वृद्ध गुरूंना रिक्षात घालून थेट आपल्या स्टुडिओत आणले. गुरूंनी एकदा ‘सोड’ म्हणावे, एवढीच तिची अपेक्षा होती. निर्णय आपला असला तरी त्यावर दुसऱ्याचा शिक्का असला की माणसाला बरे वाटते.

वय सेहेचाळीस. मिश्र माध्यमात तिचे नाव होते. गोणपाट, गंजलेले पत्रे, शिंप्याने कपडा बेतण्यासाठी कापलेले पिवळे कागद असे काहीबाही ती कॅनव्हासवर चिकटवी आणि त्यावर रंग चढवी. त्याच वेळी एका कलामहाविद्यालयात ती एकोणीस वर्षे शिकवीत होती. प्रदर्शन दीड महिन्यावर आले होते. चित्रे नऊ हवी होती, झाली होती पाच, आणि सहावे गेले दोन महिने जागचे हलत नव्हते.

गुरूंच्या हातात चहाचा कप देऊन तिने तोंड उघडले ते बंदच होईना.

“सर, वैताग आलाय मला. सकाळी नऊपासून तीनपर्यंत नुसता पोरांच्या चित्रांवर हात फिरवते. एकाची सावली चुकलेली, दुसऱ्याचा कागद सुटलेला, तिसऱ्यानं ओल्या खळीवरच रंग फासलेला. काल करून दिलेलं आज पुन्हा घेऊन येतात. ‘मॅडम, जरा हात फिरवा ना!’ घरी येते तेव्हा माझ्या हातात काही शिल्लकच नसतं.”

“हं,” गुरू म्हणाले.

“बरं, त्याची जाणीव तरी? परवा आमच्या वार्षिक प्रदर्शनात एका मुलीला पहिलं बक्षीस मिळालं. तिनं आभाळ इतकं मळकट केलं होतं की बघवेना. शेवटच्या दिवशी मीच ब्रश घेतला आणि छान निळं, मोकळं करून दिलं. तिचे आईवडील गावाहून आले, फोटो काढायला उभे राहिले, तर ही चित्राकडे पाठ करून तोंड पाडून उभी! मला साधा नमस्कारसुद्धा नाही. कुणासाठी जीव काढायचा, सांगा ना?”

गुरूंनी कप खाली ठेवला. “हे सहावं कुठं अडलंय?”

“हा डावा कोपरा. काही केल्या बसत नाही.”

गुरू उठले. टेबलावरचा रुंद ब्रश त्यांनी काळ्या रंगात बुडवला आणि ती ‘सर’ म्हणेपर्यंत त्या कोपऱ्यात तीन फटकारे ओढून ते मोकळे झाले.

चित्र उभे राहिले. दोन महिने जे तिला सापडत नव्हते, ते या ऐंशी वर्षांच्या माणसाला क्षणात सापडले होते. हेच तिला सहन होईना. तिची कानशिले तापली.

“सर, हे काय केलंत? माझं चित्र आहे ते!”

“हात फिरवला. चांगलं नाही झालं?”

“झालंय ना! तोच तर त्रास आहे. आता प्रदर्शनात लोक याच कोपऱ्याचं कौतुक करणार. मी तिथं कुठल्या तोंडानं उभी राहू?”

“पाठ करून उभी राहा,” गुरू शांतपणे म्हणाले. “त्या मुलीसारखी.”

ती स्टुलावर बसली.

“बाळ, तू दमतेस ती शिकवून नव्हे,” गुरू म्हणाले. “शिकवताना हात विद्यार्थ्याचा चालतो. तू मात्र रोज दुसऱ्यांच्या कागदांवर आपली चित्रं काढतेस. मग आपल्या कॅनव्हाससाठी हात उरेल कुठून? आणि ज्यांचे कागद, त्यांनाही काही मिळत नाही, म्हणून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. मीही हेच केलंय. तू तिसऱ्या वर्षाला असताना तुझी एक आकृती मी दुरुस्त केली. त्यानंतर आठ दिवस तू वर्गात आली नाहीस. मला वाटलं, तापानं पडली असशील.”

ताप नव्हता. इतक्या वर्षांनी तिला ते लख्ख आठवले.

ती उठली. पर्समधून राजीनामा काढला, त्याचे आडवेतिडवे तुकडे केले, खळ लावली आणि काळ्या रंगावर ते एकेक करून चिकटवले. कोपरा पुन्हा बिघडला. गुरू मात्र समाधानाने म्हणाले, “आता रिक्षा बोलाव. माझी जेवायची वेळ झाली.”

दुसऱ्या दिवशी वर्गात ती मुलगी फळीवर नवा कागद ताणून बसली होती. याही कागदावर आभाळ राखेसारखे मळकट. चित्रकर्तीचा हात सवयीने ब्रशकडे गेला. तिने तो मोठ्या कष्टाने मागे घेतला.

“मागच्या चित्रातलं आभाळ मी तुला न विचारता बदललं. चुकलं माझं. हे असं का काढतेस, सांगशील?”

मुलगी बराच वेळ ब्रश पाण्यात खळबळत राहिली. एरवी एवढ्या वेळात चित्रकर्तीने चार चित्रे दुरुस्त केली असती. ती तशीच थांबली.

“आमच्या गावाला सिमेंटचा कारखाना आहे, मॅडम,” मुलगी अखेर म्हणाली. “आमचं आभाळ असंच असतं. आईनं ते निळं बघितलं आणि विचारलं, हे कुठलं गाव?”

चित्रकर्तीने स्टूल ओढले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ती मुलीच्या शेजारी बसून राहिली.