इमाम चुकला तर

उदगीरच्या एका मोहल्ल्यात मुलींची अभ्यासिका होती. निवडणूक लागली तशी नगरसेवक वजाहतभाईंनी तिला आपलं कुलूप ठोकलं आणि आत प्रचाराचे झेंडे भरले. बारावीच्या पोरींना बसायला जागा उरली नाही. तेव्हा निवृत्त मुख्याध्यापिका रुकय्याबी वजाहतभाईंच्या भर सभेत उभ्या राहिल्या.

"वजाहत, किल्ली दे. पोरींची परीक्षा तोंडावर आलीय."

वजाहतभाई माईकवरून गोड हसले. "खाला, नमाजात मागचे लोक इमामाला जाब विचारतात का? तो झुकला की सगळे झुकतात. हीच आपल्या दीनची, आपल्या धर्माची शिस्त. राजकारणात तुमचा इमाम मी!"

पुढच्या खुर्च्यांवरच्या माना डोलल्या. रुकय्याबींनीही डोलावली.

"खरंय, बेटा. पण इमाम नमाजात चुकला, तर मागचे गप्प बसतात का रे? पुरुष 'सुभानअल्लाह' म्हणून टोकतात, बायका हातावर हात मारतात, आणि इमामाला चूक सुधारावी लागते. तू इमाम झालास ना? मग ऐक."

त्यांनी हातावर हात मारला. मागून दुसऱ्या बाईनं मारला, तिसरीनं मारला, आणि मांडव असा दणाणला की शेजारच्या तालुक्यातली कबुतरं उडाली म्हणतात. पुरुषांतूनही कुणीतरी "सुभानअल्लाह" म्हणालं, तेव्हा वजाहतभाईंनी मुकाट्यानं खिशातून किल्ली काढली.

ती घेत रुकय्याबी म्हणाल्या, "आता चालू दे तुझं भाषण. आम्ही मागेच उभ्या आहोत."