मगरीच्या तोंडातली राजकन्या

एक होता राजा. शूरपाल त्याचं नाव. शिकारीचा भलता नाद त्याला. राज्यकारभार राहिला बाजूला, हा आपला सदा रानात. रेवे, पाय आत घे. ईशू, तिचं पांघरूण ओढू नकोस, दोघांना पुरतंय ते. हां, तर काय सांगत होते?

या राजाच्या महालात एक दालन होतं. तिथं गाद्या नाहीत, तक्के नाहीत. भिंतीभर नुसते जबडे. मारलेल्या जनावरांचे, घासूनपुसून, तेल लावून टांगलेले. पाहुणा आला की राजा त्याला जेवायच्या आधी तिथं न्यायचा. मग काय जेवण जाणार हो त्या पाहुण्याला?

राजा आधी वाघाचा जबडा काढायचा. म्हणायचा, हे पुढचे सुळे नरडं धरायला. आणि या बाजूच्या दाढा बघा, अडकित्त्यासारख्या एकमेकींना घासून जातात. वाघ आपल्यासारखं चावून चावून खात नाही बरं का. लचका कापतो आणि गिळतो. मग अजगराचा जबडा. त्याची खालची दोन हाडं पुढं जोडलेलीच नसतात, म्हणून तोंड ताणतं आणि आख्खं बकरू आत जातं. दात सगळे आतल्या बाजूला वळलेले. आत शिरलेलं मागं येणं कठीण. एवढ्यात पाहुण्याला घाम फुटायचा.

आणि शेवटी मगरीचा. तो उचलायला दोन गडी लागायचे. राजा म्हणायचा, हिला दळायच्या दाढाच नाहीत. जबडा वरखाली होतो, आडवा हलत नाही. म्हणून ती नुसती धरते. धरते, पाण्यात ओढते आणि गरकन फिरते, की तुकडा सुटून येतो. उघडायची ताकद म्हणाल तर एवढीशी. पागोट्यानं तोंड बांधलं तरी उघडायचं नाही. पण मिटायची ताकद? इथं राजा थांबायचा आणि पाहुण्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून हसायचा. मेल्याला त्यातच मजा वाटायची.

राणी शेवंती मात्र त्या दालनात पाऊल टाकायची नाही. पण तिची खोली भिंतीपलीकडे. रोज तेच ऐकून ऐकून पाठ झालं होतं बिचारीला.

मग काय झालं, कितीतरी वर्षांनी, नवससायास करून राणीला मुलगी झाली. राजाला तर काय करू नि काय नको झालं. सव्वा महिना झाला आणि राणीला नदीवर न्यायचा दिवस आला. तेव्हा तशी पद्धत होती. बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडायची ती पाण्याची पूजा करायला. बाळाला नव्या सुपात निजवायचं, सूप पाण्याच्या कडेला ठेवायचं आणि खणानारळानं ओटी भरायची. तुमच्या बाबांनाही घातलं होतं सुपात, पण आमच्याकडे विहीर होती. हसू नका, ऐका.

उन्हाळ्याचे दिवस. नदी आटलेली, मधे वाळूचं बेट वर आलेलं. राणीनं सूप काठावर ठेवलं. डोक्यावर कुंची, पायात चांदीचे वाळे, पोर गाढ झोपलेली. राणीनं हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात राजाची नाव आली. त्याला आपला थाट हवा ना. वाजंत्री काय, छत्र्या काय. नाव आली ती भरधाव, आणि तिची लाट काठावर चढली. लाटेनं सूप उचललं. राणीनं डोळे उघडले तर सूप पाण्यात. धावली, तर पायात पदर आला. सूप बेटाकडे निघालं आणि बाळ जागं होऊन ट्याहां ट्याहां रडायला लागलं.

बेटावर कोण होतं? मगर. नावेएवढी लांब. वाळू उकरत होती. वाळूत तिची अंडी, आणि अंड्यांतून पिलं बाहेर येत होती, कुईं कुईं ओरडत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिनं एक पिलू तोंडात घेतलं. मग दुसरं घेतलं. मग तिसरं. काठावरची एक म्हातारी मटकन खाली बसली. म्हणाली, "अगं बाई, ही तर पोटची पोरं खातेय."

वाजंत्री थांबली. अशा शांततेत ऐकू येत होतं ते एवढंच, सुपातल्या बाळाचं रडणं.

ते मगरीनंही ऐकलं. तिनं मान वळवली, सुपापाशी आली, आणि ते लांबलचक तोंड उघडून तिनं राजकन्येला उचललं. वाळे घातलेले एवढेएवढेसे पाय दातांच्या बाहेर लोंबत राहिले.

काय झालं असेल त्या आईचं? मला तर सांगतानाच कापरं भरतं. राणी पदर सावरत राजाच्या नावेकडे धावली. आणि राजा? बाकीच्यांना नुसती भीती वाटली. राजाला पुढचं सगळं दिसत होतं. आता ही पाण्यात शिरणार. आता गरकन फिरणार. पाहुण्यांना हसत हसत सांगितलेलं सगळं त्याला आठवलं. भाला उचलून त्यानं नावेतून काठावर उडी टाकली.

राणीनं त्याचा हात धरला.

"सोड," राजा म्हणाला. "डोहात गेली की संपलं."

"नाही सोडणार. पोर रडतेय. ऐकू येत नाही तुम्हाला?"

खरंच की. मगरीच्या तोंडातून बाळाचं रडणं येत होतं, चांगलं खणखणीत.

"मिटायची ताकद केवढी, ते रोज तुम्हीच सांगता ना?" राणी म्हणाली. "अजून मिटलं नाही तिनं तोंड. भाला लागला की दचकेल. दचकली की काय करेल, सांगा मला."

राजाला उत्तर ठाऊक होतं. त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मारावं तर लेक जाते, थांबावं तरी लेक जाते असं वाटतं. काय करणार? शेवटी भाला त्यानं वाळूत टाकला.

मग मगर निघाली. घाई नाही, धावपळ नाही, आपली एकेक पाऊल टाकत. डोहाकडे गेलीच नाही. उथळ पाण्यात आली, हनुवटी पाण्याला टेकवली आणि तोंड उघडलं. आतून काय बाहेर आलं? एक पिलू, शेपटी वळवळवत. मग दुसरं. मग तिसरं. सगळी धडधाकट. खात नव्हती बाळांनो, पाण्यात आणून सोडत होती. आणि पिलांच्या मागोमाग राजकन्या, कुंचीसकट, रडून रडून लालबुंद.

राणी तोवर त्या उथळ पाण्यात पोचली होती. तिनं पोर उचलून छातीशी धरली. मगर हातभर अंतरावर. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मगर वळली आणि उरलेली पिलं आणायला गेली. तिला तिची कामं होती.

राजा धावत आला. त्यानं कुंची सोडली, दुपटं सोडलं. पाठ बघितली, पोट बघितलं, मांड्या बघितल्या. दाताचा ओरखडासुद्धा नव्हता.

आणि राजा चिखलातच बसला. चेहरा पांढराफटक. राणीला वाटलं, आनंदानं झालं असेल असं.

तो म्हणाला, "शेवंती, माझ्या भिंतीवरची ती मगर मी अशाच उन्हाळ्यात मारली. अशाच वाळूवर. तिच्या तोंडात पिलं होती. मी गावभर सांगितलं, पोरं खाणारी राक्षसीण मारली म्हणून."

राणीनं पोर त्याच्या मांडीवर ठेवली.

"धरा," म्हणाली. "हळू धरा."

त्यानंतर राजा शिकारीला गेला नाही. उन्हाळा आला की त्या काठाला वाजंत्री बंद. नाव जायची ती दुरून, सावकाश. कुणी मोठ्यानं बोललं तर राजा स्वतः ओठांवर बोट ठेवायचा आणि सांगायचा, "हळू, तिकडे बाळंतीण आहे."

पण म्हणून तुम्ही मगरीजवळ जायचं नाही हं, सांगून ठेवते. राजकन्या मोठी झाली, मगरीची पिलंही मोठी झाली, नदी सगळ्यांना पुरली, आणि सगळी सुखानं नांदली. चला, आता तुम्हीही तोंडं मिटा नि डोळेही मिटा.