खोतांच्या वाट्याचे पन्हे

भिकाजी खोतांच्या आंब्याची एक फांदी सुंदराकाकूच्या अंगणावर झुकली होती. चैत्राच्या वाऱ्याने कैऱ्या पडल्या. विकतचे सरबत काकूला परवडणारे नव्हते, म्हणून तिने त्या वेचल्या आणि हळदीकुंकवासाठी हंडाभर पन्हे केले.

बायका जमू लागल्या आणि खोत दारात येऊन गरजले, "सुंदरे, झाड माझं, म्हणजे पन्हंही माझं. हंडा माझ्या घरी पाठव!"

काकूने हंड्याकडे पाहिले. दारी आलेल्या सवाष्णींना आता काय द्यायचे? पण ती हसून म्हणाली, "खरं आहे खोत, तुमचं ते तुम्हालाच. बसा."

पातेल्यात उकडलेल्या कैरीचा गर उरला होता. तोच तिने पेला भरून आणला. खोतांनी ऐटीत मोठा घोट घेतला. डोळे मिटले, मिशा थरथरल्या, दात आंबले.

"अगं, हे काय दिलंस?"

"तुमच्या झाडाचं होतं तेवढं दिलं. गूळ माझा, वेलची माझी, पाणी माझ्या विहिरीचं. ते कसं देऊ?"

बायका पदराआड हसल्या. खोतांनी मिशा पुसल्या आणि हळूच पेला पुढे केला.

"सुंदरावहिनी, हंडा राहू दे इथेच. पण यात गुळाचा एक खडा टाका बघू!"