पानावर आडवा हात

एकदा एका वृद्ध कीर्तनकारबुवांकडे त्यांचा शिष्य भर दुपारी आला, रक्ततपासणीचा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "बुवा, संपलं. आजपासून बाहेरचं खाणं कायमचं बंद. तुमच्या साक्षीनं शपथ घ्यायला आलोय."

शिष्याचे नाव हेरंब. वय अडतीस. शेतीचे पंप विकणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला होता. महिन्यातले वीस दिवस गाडीत जात आणि उरलेल्या दिवसांत तो बुवांकडे कीर्तन शिकत असे. डॉक्टरांनी त्याला सांगितले होते की, साखर अगदी उंबरठ्यावर आली आहे. तीन महिन्यांत ती मागे फिरली नाही, तर औषधे सुरू करावी लागतील. हेरंबाला औषधांची भीती नव्हती. त्याला वडिलांचा पाय आठवत होता.

हे वडील पंचक्रोशीत गाजलेले खाणारे. पैजेवर चाळीस जिलब्या फस्त करणारा माणूस! लोक त्यांना मुद्दाम लग्नाचे आमंत्रण देत, आणि वाढपी त्यांच्या पानाशी आला की शेजारचे आपले जेवण थांबवून बघत बसत. पुरे झाले की पानावर आडवा हात धरायचा, ही आपल्या पंगतीची साधी रीत. या गृहस्थांनी आयुष्यात तो हात कधी धरला नाही. पुढे साखर वाढली, पायाची जखम चिघळली आणि गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. ऑपरेशनला नेताना ते "नको, नको" म्हणून ओरडत होते. हेरंबाने वडिलांच्या तोंडून तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

बुवांनी कागद वाचला. "ही शपथ कितवी?"

"चौथी," हेरंब खाली बघत म्हणाला.

"आधीची किती दिवस टिकली?"

"चार." आणि मग तो उसळलाच. "पण करू काय, बुवा? पहाटे पाचला घर सोडतो. डबा दुपारपर्यंत आंबतो. हायवेवर जे मिळतं ते खातो. तुम्हाला इथे मठात बसून उपदेश करणं सोपं आहे!"

"मी अजून तोंडही उघडलेलं नाही," बुवा शांतपणे म्हणाले. त्यांनी खुंटीवरचे उपरणे खांद्यावर टाकले. "शपथ राहू दे. मला भूक लागली आहे. तू नेहमी जिथे खातोस, तिथे मला घेऊन चल."

हेरंबाला वाटले, बुवा थट्टा करत आहेत. पण बुवा तोवर चपला घालून अंगणात पोहोचले होते.

हायवेवरच्या त्या बर्गरच्या दुकानात पागोटे बांधलेला माणूस बहुधा पहिल्यांदाच शिरला असेल. थंडगार हवा, लखलखीत दिवे, भिंतीवर माणसाच्या डोक्याएवढ्या बर्गरची चित्रे. काउंटरवर टोपी घातलेली एक मुलगी उभी होती. हेरंबाने दोन साधे बर्गर सांगितले.

"सर, चीज घालू?"

"घाला."

"सोबत फ्राइज आणि कोल्ड्रिंक घेतलंत तर स्वस्त पडेल. देऊ?"

"द्या."

"थोड्याच जास्त पैशात दोन्ही मोठे करून मिळतील, सर. करू?"

"हो, चालेल," हेरंब म्हणाला. त्याला मोठे नको होते. खरे तर त्याला कोल्ड्रिंकही नको होते. पण समोरची व्यक्ती इतक्या अगत्याने विचारते आहे, तर नाही कसे म्हणायचे? आईने लहानपणापासून हेच शिकवलेले, वाढणाऱ्याला दुखवू नये.

"शेवटी काही गोड, सर? गरम ब्राउनी—"

तेवढ्यात बुवा पुढे झाले. त्यांनी आपले दोन्ही पंजे पसरले आणि त्या गुळगुळीत, मोकळ्या काउंटरवर आडवे ठेवले. हुबेहूब पंगतीत ठेवतात तसे. आणि कीर्तनात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "पुरे!"

सगळे दुकान वळून पाहू लागले. मागच्या रांगेतला एक तरुण फिसकन हसला. हेरंबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बुवा, अहो, इथे पान नाहीये! हात काढा ना!"

बुवांनी हात काढले नाहीत. त्यांनी मुलीला विचारले, "बाळ, मी पुरे म्हटलं, याचा तुला राग आला का?"

"छे हो आजोबा!" मुलगी हसली. "आम्हाला विचारायलाच लागतं. येईल त्या प्रत्येकाला. नको म्हटलं की झालं."

"आणि तू स्वतः यातलं काय खातेस?"

मुलीने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "मी घरून डबा आणते, आजोबा. भाकरी आणि मेथी."

"मग आता माझ्या शिष्याचं आधीचं सगळं पुसून टाक आणि मी सांगतो ते घे," बुवा म्हणाले. "बर्गर दोनच, बिनचीजचे. तो पांढरा सॉस नको. काकडी-टोमॅटो जास्त घालता येईल?"

"येईल की."

"ते बटाटे सगळ्यात लहान, दोघांत मिळून एक. आणि प्यायला पाणी."

रांगेतला तरुण मोठ्याने म्हणाला, "आजोबा, एवढंच होतं तर घरीच खायचं ना!"

बुवा वळले. "का? दुकान तुझं आहे?" आणि ताट उचलून ताठ मानेने टेबलाकडे गेले.

दोघे खात होते. बुवांना तो बर्गर आवडला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. हेरंब मात्र घुश्शातच होता. शेवटी तो म्हणाला, "चार लोकांत माझी शोभा केलीत. एवढं करून शिकवलंत काय?"

बुवांनी हात पुसले. "हेरंबा, पंचेचाळीस वर्षं मी गावोगाव कीर्तनं केली. प्रत्येक गावात जेवण, प्रत्येक घरात आग्रह. पुरणपोळीवर तुपाची धार धरून बायका म्हणायच्या, बुवा, एवढी घ्याच, माझ्या गळ्याची शपथ. त्यांच्या आग्रहात माया होती. तरीही मी पानावर हात धरला, म्हणून आज तुझ्यासमोर दोन पायांवर चालत आलो. तुझ्या वडिलांना मी ओळखत होतो. भला माणूस, पण त्यांनी आपलं पोट वाढप्याच्या स्वाधीन केलं होतं. आणि तू तर त्यांच्याही पुढे गेलास! त्यांना निदान माणसं आग्रह करत होती. तुला यंत्रावर लिहून दिलेला प्रश्न आग्रह करतो आणि तू त्याची भीड बाळगतोस. या मुलीला तुझ्या वडिलांचा पाय ठाऊक आहे का? तुला ठाऊक आहे. मग नको कोणी म्हणायचं? शपथा घेऊन तू दुकानाला घाबरून पळतोस आणि पाचव्या दिवशी मान खाली घालून परत येतोस. पळू नकोस. आत ये, ताठ उभा राहा, हवं ते माग आणि नको ते नाकार."

हेरंबाला रडू आले आणि रडू आल्याचा रागही आला. पेल्यातले पाणी त्याने एका दमात संपवले.

त्यानंतर त्याने शपथ घेतली नाही. बाहेर खाणेही सोडले नाही. बर्गरच्या काउंटरवर तो आता स्वतःच "नको" म्हणू लागला. मिसळीच्या हॉटेलात तो सांगू लागला, "तर्री नको, मटकी वाढवा, शेव चिमूटभर, पाव एकच." मालक कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, तर्रीशिवाय मिसळ? मला पाप लागेल!" "लागू द्या," हेरंब म्हणाला. वडापावाच्या गाडीवर तो एकावर थांबू लागला. ऑफिसातला तावरे चारचौघांत म्हणाला, "बापाचं नाव घालवलंस लेका, चाळीस जिलब्यांचा मुलगा आणि एका वड्यात गार?" हे मात्र हेरंबाला लागले. त्या संध्याकाळी त्याने हट्टाने तीन वडे खाल्ले आणि रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी तावरेच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, "हो, एकच. बापाचा पाय मी पाहिलाय, तू नाही पाहिलास."

तीन महिन्यांनी नवा कागद आला. साखर उंबरठ्यावरून मागे सरली होती. डॉक्टर म्हणाले, औषध आत्ता नको, हेच चालू ठेवा. हेरंब कागद खिशात घालून तडक मठात गेला. त्या दिवशी तिथे उत्सव होता. पंगत बसली होती आणि पानात जिलबी होती.

हेरंबाने एक जिलबी चवीने खाल्ली. वाढपी दुसरी घेऊन आला, तेव्हा त्याने हात आडवा धरला. वाढपी पुढे सरकला. पण बुवांनी उठून त्याच्या हातातले ताट घेतले आणि ते स्वतः हेरंबाच्या पानासमोर वाकले.

"घे हेरंबा. दोनच."

"पुरे, बुवा."

"अरे, गुरूच्या हातची आहे. प्रसादाला नाही म्हणतोस?"

"प्रसाद घेतलाय, बुवा."

"माझा अपमान करतोस?"

पंगतीतले आवाज थांबले. वडिलांच्या पानाशी थांबायचे, तसेच. काउंटरवरच्या मुलीला, मिसळवाल्याला, तावरेला नाही म्हणणे एकवेळ सोपे होते. हेरंबाने बुवांच्या डोळ्यांत पाहिले आणि दुसराही हात पानावर आडवा ठेवला.

"अपमान नाही, बुवा. पण पुरे."

बुवा क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी उचललेली जिलबी ताटात परत ठेवली, हेरंबाच्या त्या आडव्या हातांवरून आपला हात फिरवला आणि ते शेजारच्या पानाकडे वळले. तिथेही ते तितक्याच मायेने आग्रह करू लागले.

खिशातला कागद दाखवायचा राहूनच गेला. बुवांनी तो मागितलाही नाही.